शिक्षक शाळेत टिकावा म्हणून

महाराष्ट्रात शिक्षक नोकरी सोडून जातात का, असे जिल्हा परिषदेच्या एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याला विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येईल. डी.एड., बी.एड. झालेली मुले-मुली वर्षानुवर्षे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली असताना लागलेली नोकरी सोडणार कोण? सेवापुस्तकापुरते हे खरे आहे. पण तोच प्रश्न मुलाच्या बाजूने विचारून पाहा. ज्या बाईंनी पहिलीत अक्षरओळख करून दिली, त्या बाई हे मूल तिसरीत जाईपर्यंत त्या शाळेत असतात का? असल्या तर आठवड्यातले किती तास वर्गात असतात? सरकारी शाळेतला शिक्षक सेवेत टिकतो, पण शाळेत टिकत नाही. शाळेत असतो तेव्हाही वर्गाला पुरता मिळत नाही. विनाअनुदानित आणि खासगी इंग्रजी शाळांत तर तो पेशातच टिकत नाही.

मुलांचे वाचन-गणित तपासणारा ‘असर’चा अहवाल आला की पाचवीच्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही म्हणून आपण शिक्षकांना झोडपतो आणि पाच सप्टेंबर आला की गुरूची थोरवी गातो. शिक्षक कोणत्या स्थितीत काम करतो, याची विचारपूस दोन्ही वेळी राहून जाते. मुलांच्या शिकण्याचा प्रश्न हा आधी शिक्षकाच्या सलगपणाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. पगार, बदली, कागदपत्रे, राहायची सोय, सहकाऱ्यांची साथ या सगळ्यांचा हिशेब शेवटी एकाच जागी लागतो: तेच माणूस त्याच मुलांसमोर किती वर्षे आणि रोज किती वेळ उभे राहते.

नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात किंवा गडचिरोलीच्या भामरागडात पहिलीचा वर्ग कसा चालतो, ते पाहिले की हे लक्षात येते. धडगावचे मूल घरी पावरी बोलते, भामरागडचे माडिया. शिक्षक आलेला असतो लातूर, बीड नाही तर सोलापूरकडून. जूनमध्ये मूल त्याच्याकडे नुसते बघत राहते. ‘चित्रात काय दिसतंय?’ असे तो विचारतो. मुलाला चित्र ओळखता येते, प्रश्न कळत नाही. मग शिक्षक चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीला शेजारी बसवतो आणि तिच्या तोंडून प्रश्न विचारून घेतो. असे करता करता दिवाळीपर्यंत मुलांच्या बोलीतले बरेच शब्द त्याच्या कानावर बसतात. कुणाचे आईबाप मजुरीला परमुलखात गेलेत, कोण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबते, कुणाला फळ्यावरचे नीट दिसत नाही, हे त्याला उमगू लागते. दुसऱ्या वर्षी आलेल्या नव्या मुलांना तो त्यांच्याच बोलीत हाक मारू शकतो आणि ती पहिल्याच आठवड्यात बोलती होतात. ही कमाई कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही आणि ती फाईलमधून दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा झाली की शिक्षकाला बदलीचा अधिकार मिळतो. तो अर्ज भरतो आणि जातो. त्याच्या जागी आलेला शिक्षक जूनमध्ये पुन्हा चित्राकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारत उभा असतो.

शिक्षकांच्या जाण्यायेण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा एक मोठा अभ्यास न्यूयॉर्क शहरात झाला. रॉनफेल्ड, लोब आणि वायकॉफ या तीन अभ्यासकांनी चौथी-पाचवीच्या मुलांची आठ वर्षांची माहिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या इयत्तांमध्ये शिक्षक जास्त बदलले, तिथल्या मुलांचे भाषा आणि गणित या दोन्ही विषयांतले गुण घसरले. मागे पडलेल्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांमध्ये ही घसरण अधिक होती. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची नोंद: ज्या मुलांचे स्वतःचे शिक्षक गेले नव्हते, त्यांनाही याचा फटका बसला. म्हणजे एक शिक्षक जातो तेव्हा त्याच्या वर्गाबरोबर सगळी शाळा विस्कटते. उरलेल्यांना नव्या माणसाला सांभाळून घ्यावे लागते आणि आपसांत जमवलेले काम पुन्हा मांडावे लागते. हे तर कित्येक शिक्षकांच्या मोठ्या शाळांचे झाले. आपल्या दुशिक्षकी शाळेतला एक गेला की अर्धी शाळाच जाते.

दोन शिक्षकांची शाळा हा आपल्याकडे अपवाद नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण घातले आहे. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणे हे कायद्यानेच गृहीत धरलेले आहे. त्याखालीही घसरण आहे. केंद्र सरकारच्या यू-डायसच्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातल्या शाळा आठ हजारांवर आहेत. त्या एका शिक्षकाला ताप आला, तालुक्याला बैठक लागली किंवा घरात कुणी वारले, तर त्या दिवशी त्या गावात शाळा नसते.

अशा शाळेतली साधी सकाळ बघा. परिपाठ झाला, हजेरी झाली. हजेरी वहीत आणि शिवाय ऑनलाइन. पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक, आज किती मुले जेवणार, कडधान्य कोणते, याची नोंद रजिस्टरात आणि ॲपवर. नेटवर्क नाही म्हणून शिक्षक मोबाइल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जातो. तेवढ्यात व्हॉट्सॲपच्या गटावर शाळांच्या केंद्रातून निरोप येतो की अमुक माहिती आज दुपारी बारापर्यंत, विहित नमुन्यात, ‘अत्यंत तातडीची’. मुलांचे आधार जुळत नाहीत, अपार आयडी निघत नाहीत. कुणाच्या जन्मतारखेत फरक, कुणाच्या नावात. तिकडे पहिलीची मुले पाटीवर ‘क’ गिरवत बसली आहेत. ‘क’चा काना शिकवायचा होता, तो उद्यावर गेला. वाचायला शिकणे हे काम रोजच्या रोज, थोडे थोडे आणि खंड न पडता करायचे असते. काल शिकवलेले अक्षर आज घटवून घेतले नाही की परवा ते मूल पुन्हा अडखळते. चार दिवसांचा खंड म्हणजे चार दिवसांचेच नुकसान, हा हिशेब चौथीला कदाचित लागू पडेल. पहिलीला तो लागू पडत नाही.

हा खंड किती मोठा आहे? राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने महाराष्ट्रासह चार राज्यांत शिक्षकांच्या वेळेचा अभ्यास केला होता. शिक्षकांच्या वर्षभराच्या शालेय वेळेपैकी प्रत्यक्ष शिकवण्यात जेमतेम १९ टक्के वेळ जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडा धक्कादायक आहे. मोजणीच्या पद्धतीवर कुणी वाद घालील, तर तो दुप्पट करून पाहावा. तरी निम्म्याहून जास्त वेळ वर्गाबाहेरच जातो.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील. सर्वोच्च न्यायालयाने तर २००७ मध्येच सांगितले होते की निवडणुकीची कामे शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. प्रत्यक्षात बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरणारी माणसे ही बहुतेक शिक्षक आणि अंगणवाडी सेविकाच असतात. जानेवारी २०२४ च्या अखेरीस मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षक दारोदार हिंडले, ते ऐन परीक्षांच्या तोंडावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. तो हवाच होता. पण ज्या कामांना ‘शैक्षणिक’ म्हटले त्यांत माहिती भरण्याची बरीच कामे आली आणि शिक्षकाच्या हातातला मोबाइल काही सुटला नाही. काम शिक्षणखात्याचे आहे म्हणून ते शिकवण्याचे होत नाही. ही सरमिसळ जोवर चालू आहे तोवर वर्गवारीचा उपयोग मर्यादितच.

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांच्या स्थितीवर स्वतंत्र मजकूर आहे. शिक्षकांचा पगार दहा रुपयांवर क्वचितच जातो हे त्यांनी नोंदवले. प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नयेत आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्यावेत, अशी मागणी केली. पुढे आणखी एक सूचना केली: गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांक विक्री अशी कामे शिक्षकाकडे जोडावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल. शिक्षकाला वर्गाबाहेरची कामे द्यावीत असे फुल्यांनीही म्हटले होते, असा कुणी याचा अर्थ काढील. पण त्यांच्या सूचनेमागचा हेतू पाहा. शिक्षकाला गावात मान, अधिकार आणि बरी मिळकत मिळावी, म्हणजे तो गावात रुजेल, एवढ्यासाठी ती कामे होती. आजच्या कामांनी यांतले काहीच मिळत नाही. वेळ मात्र जातो, आणि गावाला मास्तर वर्गात नाहीत एवढेच दिसते.

मास्तर वर्गात नाहीत यावरून ‘शिक्षक दांडी मारतात’ हा समज घट्ट झाला आहे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतल्या सहाशेवर शाळा पाहिल्या, तेव्हा काहीही कारण नसताना गैरहजर असलेले शिक्षक अडीच टक्के निघाले. बाकीचे रजेवर किंवा सरकारी कामावर होते. मुलाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, वर्ग तर रिकामाच. पण उपाय ठरवताना फरक फार मोठा आहे. दांडीवर उपाय म्हणून आपण बायोमेट्रिक आणि सेल्फीची हजेरी आणतो. ज्याला आपणच दुसऱ्या कामाला धाडले आहे, त्याच्यावर त्या हजेरीचा काय इलाज चालणार?

आता बदल्या. २०१७ पासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या, हे चांगले झाले. त्याआधी तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत कुणाकुणाचे उंबरठे झिजवावे लागत, ते जुने शिक्षक सांगतात. संगणकाला वशिला लागत नाही. पण त्या पद्धतीने शिक्षकांच्या बोलण्यात ‘खो’ हा शब्द आणला. संवर्ग एकमधल्या, म्हणजे आजारपणासारख्या कारणाने अग्रक्रम मिळालेल्या कुणी तुमची शाळा मागितली की तुम्हाला खो बसतो, तुम्ही दुसऱ्याला देता, आणि शेवटी ज्याला काहीच उरत नाही तो ‘रँडममध्ये जातो’. या सगळ्या गणितात शिक्षकाच्या सोयीगैरसोयीला गुण आहेत: आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण, सेवेची वर्षे. ते असलेच पाहिजेत. मात्र शाळेच्या बाजूने एकही प्रश्न त्यात नाही. या शाळेतून एकाच वर्षी दोन्ही शिक्षक निघून जात आहेत का? पहिली-दुसरीचा हात अर्ध्यात सुटतो आहे का? संगणकाला हे विचारायला शिकवणे अवघड नाही. कुणाला ते सुचले नाही, कारण बदली ही आपण कर्मचाऱ्याची बाब मानतो, मुलाची मानत नाही.

दुर्गम शाळेतून शिक्षक बदली मागतो त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. मुख्यालयी राहण्याची अट आहे आणि तिच्यावरून दरवर्षी गदारोळ होतो. पण पाड्यावर भाड्याने मिळेल असे घर किती ठिकाणी आहे? शिक्षिका एकटी असेल तर? शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, सहा महिन्यांचे मूल घरी असेल आणि शेवटची एसटी पाचला सुटत असेल तर ती अपडाउन करणार. चौघीजणी मिळून गाडी लावणार, रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात घालवणार आणि पहिली संधी मिळताच बदली घेणार. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागून माणूस गावात राहत नाही. राहण्याजोगे घर बांधून दिले तर राहण्याचा विचार तरी करतो.

आता खासगी शाळांकडे वळतो, कारण तिथले दुःख जास्त जुने आणि जास्त मुके आहे. २००१ च्या सुमारास शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण घेतले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला, २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाला सुरुवात झाली आणि पुढचे टप्पे आंदोलनागणिक, रडतखडत सरकले. जुलै २०२५ मध्येही हे शिक्षक आझाद मैदानावर पावसात बसले होते. पंचविशीत रुजू झालेला माणूस चाळिशी ओलांडतो तरी पूर्ण पगार पाहत नाही. तो सकाळी शाळा करतो, दुपारी शेतात राबतो किंवा दुकानात बसतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो. तयारी करून वर्गात जायला त्याला वेळ कुठून मिळणार? अनुदानित शाळांतही रिकाम्या जागी तासिका तत्त्वावर माणसे घेतात. त्यांना सुट्टीतले मानधन नाही आणि पुढच्या जूनची खात्री नाही. आणि शहरांतल्या छोट्या इंग्रजी शाळांत कागदावर एक आकडा आणि हातात दुसरा, हे उघड गुपित आहे. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. पण ज्याला महिनाअखेरची चिंता आहे तो न्यायाधिकरणात जात नाही, नोकरी बदलतो. त्या शाळांचे पालक प्रवेश घेताना फी विचारतात, बस विचारतात, संगणककक्ष पाहतात. गेल्या तीन वर्षांत इथले किती शिक्षक सोडून गेले, हे कुणी विचारताना दिसत नाही. मला तर हा पहिला प्रश्न वाटतो.

सरकारनेही अस्थिरतेला धोरणाची जागा दिली. शिक्षणसेवक योजना २००० मध्ये आली. पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन कितीतरी वर्षे सहा हजारांवर अडकले होते, ते जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. याच तीन वर्षांत माणूस शिक्षक म्हणून घडत असतो, आणि नेमके तेव्हाच त्याला सांगायचे की तुझा निम्मा जीव खर्चाच्या मेळात जाऊ दे. सप्टेंबर २०२४ मध्ये वीस किंवा कमी पटाच्या शाळांत एक जागा कंत्राटी शिक्षकाला देण्याचा निर्णय निघाला, तेव्हा शिक्षक रस्त्यावर उतरले. ते आपल्या पदांसाठी उतरले हे खरे. पण डोंगरातल्या सोळा मुलांना दरवर्षी नवे माणूस मिळणार होते, हेही तितकेच खरे होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, मग तिथली मुले का मागे? इंडोनेशियाचे उदाहरण यात नेहमी दिले जाते. तिथे प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. संशोधकांनी ३६० शाळांत त्याचा परिणाम तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. आंध्र प्रदेशातल्या प्रयोगात, उलट, कमी मानधनाचा एक जादा कंत्राटी शिक्षक दिल्यावर मुलांची प्रगती झाली.

दोन्ही निष्कर्ष मला मान्य आहेत, आणि माझ्या म्हणण्याला ते छेद देत नाहीत. नुसता पगार वाढवून वर्ग तसाच ठेवला, कागद तेवढेच, सोबत कुणी नाही, तर शिकवणे का बदलावे? पगार माणसाला थांबवतो. थांबलेल्या माणसाला चांगले शिकवता यावे म्हणून आणखी काही लागते. आणि आंध्रातला कंत्राटी शिक्षक जादाचा होता, नेहमीच्या शिक्षकाच्या जागी आलेला नव्हता. तो बहुतेक त्याच गावचा किंवा जवळपासचा होता आणि शाळेत जास्त हजर असे. म्हणजे तिथेही फायदा झाला तो हजर आणि जवळ असण्याचा. त्यावरून स्वस्त शिक्षक चालतो असा निष्कर्ष काढणे ही त्या अभ्यासाची चोरी आहे.

ते ‘आणखी काही’ काय, याचा अंदाज क्राफ्ट आणि पापे यांच्या २०१४ च्या अभ्यासातून येतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका मोठ्या शाळाजिल्ह्यात त्यांनी पाहिले की जिथे मुख्याध्यापकाचा आधार आहे, सहकारी एकमेकांशी कामाबद्दल बोलतात, शिस्त आणि विश्वास आहे, त्या शाळांतले शिक्षक दहा वर्षांत इतरांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारले. आपण नेहमी चांगला शिक्षक आणि वाईट शिक्षक अशी माणसांची विभागणी करतो. चांगली शाळा साध्या शिक्षकाला चांगला करते, हे यातून दिसते. आपल्याकडे ही सोबत द्यायला केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले. दहा-बारा शाळांत हिंडणारा, वर्गात मागे बसून पाहणारा, पाठ घेऊन दाखवणारा ज्येष्ठ शिक्षक. आज कित्येक केंद्रांत ते पद रिकामे आहे, कारभार एखाद्या शिक्षकाकडे प्रभारी, म्हणजे त्याचा वर्गही गेला. आणि जिथे केंद्रप्रमुख आहेत, तिथे ते माहिती गोळा करून वर पाठवण्यात गुंतलेले.

म्हणून मला सर्वांत आधी हवा आहे तो प्रत्येक केंद्राला एक माहिती भरणारा कर्मचारी. शिक्षकाने मुलांची हजेरी द्यावी, बाकी पोषण आहारापासून आधारपर्यंतचे सारे त्या टेबलावर व्हावे. खर्च येईल, पण आज तोच खर्च आपण शिक्षकाच्या पगारातून, वर्गाचा वेळ देऊन करतोच आहोत. त्याबरोबर अवघड क्षेत्रातल्या शाळांपाशी घरे बांधावीत आणि जो शिक्षक तिथे सलग सहा-सात वर्षे राहील त्याला पुढे पसंतीच्या शाळेचा पहिला हक्क द्यावा; तीन वर्षांनी सुटका हेच बक्षीस ठेवू नये. एका शाळेतले सगळे शिक्षक एकाच उन्हाळ्यात हलणार नाहीत, एवढी अट बदलीच्या प्रणालीत घालावी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २६ ने रिक्त पदे दहा टक्क्यांवर जाऊ नयेत म्हटले आहे, ते जिल्ह्याच्या सरासरीत न दडवता तालुकानिहाय दाखवावे, म्हणजे धडगाव आणि भामरागड दिसतील.

आणि पायाभूत वाचन-गणिताच्या निपुण महाराष्ट्र उपक्रमातल्या चाचण्यांचे निकाल लावताना प्रत्येक शाळेपुढे आणखी दोन रकाने असावेत: गेल्या पाच वर्षांत या शाळेत किती शिक्षक बदलले, आणि या वर्षी किती दिवस शिक्षकाला दुसऱ्या कामावर पाठवले. हे आकडे शाळेने नव्हे, ज्यांनी शिक्षकाला पाठवले त्या कार्यालयांनी भरायचे.